शब्द दत्तक देणे आहे

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच माझी इच्छा आहे. विश्वास बसेल अशा गोष्टी सांगायला हल्ली कोणीही सोम्यागोम्या पुढे येतो. तेव्हा कॅशियर, तुम्ही जरा इकडे सरका, त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. आणि सूनबाई, तू पायरीवर नको बसू, वर ये. हिच्याकडे लक्ष देऊ नका. ही माझ्या सदऱ्याला बटण लावते आहे, आणि हातात सुई असली की हिला मान वर करता येत नाही. माझ्या दृष्टीने हे सोयीचं आहे.

कॅशियर म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे. बँकेतून निवृत्त झाले, पण समोर आलेली प्रत्येक गोष्ट उजेडात धरून बघायची सवय काही जात नाही. सूनबाई वरच्या मजल्यावरची. नवी आहे, त्यामुळे अजून माझं सगळं ऐकते.

तर मी शाळेत भाषा शिकवत होतो. सहावीचा वर्ग. तुम्ही म्हणाल, तुम्ही आणि भाषा? कॅशियर, भुवई खाली घ्या. भाषाच शिकवत होतो. पोरं गुणी होती, एकच खोड होती. त्यांच्याकडे शब्द दोन. जगात जे जे बरं ते ‘मस्त’, आणि उरलेलं सगळं ‘कसंतरी’. सहल कशी झाली? मस्त. धडा कसा वाटला? कसंतरी. एकाचे आजोबा दवाखान्यात होते, मी चौकशी केली, तर म्हणाला, “आधी कसंतरी होतं, आता मस्त आहेत.” एवढ्या दोन खुंट्यांवर त्या पोरांनी सगळं आयुष्य टांगून ठेवलं होतं.

माझी काही तक्रार नव्हती. पण एकदा तपासणीचे साहेब आले. साहेब म्हणजे बारीक मिशी, जाड भिंगं, आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबून आपण काय बोललो ते स्वतःच ऐकण्याची पद्धत. त्यांनी भिंतीवर समुद्राचं चित्र लावलं आणि म्हणाले, “वर्णन करा.” एक पोरगा ताडकन उठला. “मस्त आहे.” साहेब म्हणाले, “अजून?” पोरगा विचारात पडला. मग म्हणाला, “खूप मस्त आहे.”

साहेब गेल्यावर मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या कधी रागावत नसत, फक्त टेबलावरची टाचणी उचलून दुसरीकडे ठेवत. टाचणी हलली की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. टाचणी हलवून त्या म्हणाल्या, “साहेब पुन्हा येणार आहेत. तेव्हाही हेच ऐकू आलं, तर भाषेचा तास मी ड्रिल मास्तरांना देणार आहे. निदान पोरांना घाम तरी येईल.”

मला केवढं लागलं म्हणून सांगू. एक तर तो तास म्हणजे माझा जीव की प्राण. आणि तो जाणार कोणाकडे, तर ड्रिल मास्तरांकडे. आता ड्रिल मास्तर माणूस म्हणून वाईट नव्हता. उलट उंचापुरा, भरदार आवाजाचा, चालण्यात एक ऐट. शाळेतल्या सगळ्या मास्तरांत उठून दिसायचा, हे मी प्रतिस्पर्धी असूनही कबूल करतो. पण तास तो तास.

मग काय, पदर खोचून कामाला लागलो. म्हणजे बाह्या सरसावून. कॅशियर, बोलताना जीभ जरा घसरते, एवढं काय बघताय.

पहिला उपाय सरळ. शब्द आणि अर्थ फळ्यावर लिहायचे आणि पोरांनी पाठ करायचे. विषण्ण म्हणजे खिन्न. खिन्न म्हणजे उदास. उदास म्हणजे विषण्ण. पोरांनी ते गोल गोल पाठ केलं, आणि शेवटी पहिल्या बाकावरच्या पोरीने हात वर करून विचारलं, “सर, म्हणजे कसंतरीच ना?” मी खडू खाली ठेवला.

शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. त्यांची खिडकी माझ्या खिडकीसमोर, आणि सल्ला द्यायला ते पत्त्याची वाट बघत नसत. म्हणाले, “मास्तर, शब्द नुसता ऐकून कळत नाही. तो वस्तूवर चिकटवा. पाकिटावर पत्ता असतो तसा.” मला पटलं. आता खिडकीवर ‘खिडकी’ चिकटवण्यात काय अर्थ, ते तर पोरांना येतंच. मी नवे शब्द शोधले. बिजागरी, अडसर, कोनाडा, चौकट. ते संपल्यावर वर्ग बारकाईने बघायला लागलो आणि पोरंही शोधायला लागली. भिंतीला ‘भेग’. रंगाला ‘पोपडा’. छताला ‘ओल’. दाराला ‘वाळवी’. माझ्या खुर्चीला ‘खिळखिळी’. बघता बघता वर्ग चिठ्ठ्यांनी भरून गेला. पोरं इतकी खुशीत की मधल्या सुट्टीतही डोळ्यात तेल घालून आणखी काही मोडलेलं सापडतंय का बघायची.

मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एकेक चिठ्ठी वाचली. त्या ‘पोपडा’पाशी आल्या तेव्हा पोपडा चिठ्ठीसकट त्यांच्या पायाशी पडला.

“हा वर्ग आहे,” त्या म्हणाल्या, “की तक्रारपेटी?”

सगळ्या चिठ्ठ्या त्याच दिवशी उतरल्या. टाचणी कुठून कुठे गेली ते विचारू नका.

मी हात टेकले होते. पण दुसऱ्या दिवशी वर्गात बघितलं, तर दोन पोरांची खोडरबरावरून जुंपलेली. शाळेने वाटलेले खडू कोपऱ्यात तुडवले जायचे, त्यांच्याकडे ढुंकूनही कोणी बघत नव्हतं. पण स्वतःचं खोडरबर म्हणजे प्राणापलीकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शब्द सगळ्यांचा असतो, म्हणून तो कोणाचाच नसतो. तर शब्द दत्तक द्यायचे. एका पोराला एक शब्द, चिठ्ठी उचलून येईल तो. तो त्याचा, त्यानेच सांभाळायचा, कुठे शोभतो आणि कुठे नाही ते त्यालाच ठाऊक. आणि दुसऱ्या कोणाला तो वापरायचा असला, तर मालकाची परवानगी घ्यायची. हा शेवटचा नियम मी अगदी सहज घातला. चहात जरा साखर जास्त पडावी तसा.

सूनबाई, हसू नकोस, इथूनच खरी गंमत आहे.

शब्द मिळाल्यावर पोरांची चालच बदलली. ‘लगबग’ मिळालेला पोरगा बाजारात उभा राहून कोणाकोणाला आपला शब्द लागू पडतो ते बघायचा. ‘हुरहूर’वाली संध्याकाळी गच्चीत जाऊन हुरहूर येते का याची वाट बघायची, आणि आली की धावत येऊन सांगायची. ‘भोचक’ मिळालेली पोरगी तर माझ्या घरी आली. दारातच हळू आवाजात म्हणाली, “सर, तुमच्या समोरच्या खिडकीतले आजोबा आपलं सगळं बोलणं ऐकतायत. त्यांना माझा शब्द चालेल का?” मी खिडकीकडे बघितलं. म्हटलं, “चपखल बसतो.” खिडकी जी आपटली गेली, ती पोस्टमास्तरांनी बरेच दिवस उघडली नाही. सल्लेही बंद. योजनेचा हा पहिला मोठा फायदा.

पण मग पालक यायला लागले. एक वकील होते. काळा कोट घालूनच आले, म्हणजे मी समजून जावं. म्हणाले, “माझ्या चिरंजीवांना तुम्ही ‘फुटकळ’ दिलात.”

“हो. चांगला शब्द आहे. हल्ली कोणी वापरत नाही.”

“आणि आमच्या समोर राहणाऱ्या दुकानदाराच्या मुलाला ‘भव्य’.”

“चिठ्ठी उचलली तसा आला.”

“मास्तर, आमच्या घराण्यात आजवर कोणी फुटकळ झालेलं नाही. बदलून द्या, नाहीतर लेखी खुलासा द्या.”

लेखी खुलासा म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली. मी त्यांना ‘ऐसपैस’ देऊ केला. त्यांनी तो मनातल्या मनात घोळवून बघितला, पोटावरून हात फिरवला, आणि समाधानाने गेले. ही बातमी फुटली. मग काय, रांगच लागली. एक आई म्हणे, आमच्या मुलीला लग्नात उपयोगी पडेल असा द्या. एक आजोबा म्हणे, आम्हाला ‘थकवा’ नको, घरात आधीच आहे.

त्यात कचेरीतले कारकून. ते शिपायाकरवी निरोप पाठवत नसत, स्वतः येऊन उभे राहत. म्हणाले, “मास्तर, शाळेच्या वेळेत शाळेतल्या मुलांना तुम्ही शब्द वाटलेत. म्हणजे ते शाळेचं साहित्य झालं. आता सांगा, टिकाऊ की वापरून संपणारं?”

मी म्हटलं, “संपत नाही. वापरलं की वाढतं.”

त्यांनी वहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “असा रकाना नाही.”

“मग पाडा.”

“रकाना पाडायला वरून मंजुरी लागते. तोपर्यंत मुलांना सांगा, जपून वापरा. एखादा मोडला तर मी काय दाखवू?”

आणि गाव, सूनबाई, गाव किती बदललं म्हणतेस. औषधाच्या दुकानदाराला म्हणायचं होतं, साठा तुटपुंजा आहे. पण ‘तुटपुंजा’ सहावीतल्या एका पोराचा. तेव्हा गिऱ्हाईकाला काउंटरवर बसवून दुकानदार चौकापर्यंत गेला, पोराला शोधलं, परवानगी घेतली, परत आला आणि म्हणाला, “साठा तुटपुंजा आहे.” तोवर गिऱ्हाईक बरं होऊन घरी गेलं होतं. कॅशियर, मान हलवू नका, मी स्वतः त्या दुकानात होतो. खोकल्याचं औषध घ्यायला.

आता त्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला सावली म्हणत. भिंतीला टेकून बसायची, आवाज कसा आहे ते कोणाला माहीत नव्हतं. तिची पेन्सिल मागितली, देऊन टाकायची. जागा मागितली, उठायची. डबा मागितला, झाकण उघडून पुढे करायची. रिकाम्या डब्याकडेसुद्धा शांतपणे बघायची. शब्द वाटले तेव्हा ती आजारी होती. पुढे तिची चिठ्ठी उचलायची पाळी आली तेव्हा ती माझ्या टेबलाशी आली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “सर, कोणी घेतला नसेल तर मला ‘नाही’ मिळेल का?”

मी म्हटलं, “अगं, तो नवा कुठे आहे? तो तर सगळ्यांकडे असतो.”

“सगळ्यांकडे आहे,” ती म्हणाली. “माझ्याकडेच...” आणि थांबली.

मला तिच्याकडे बघवेना. मी तिला ‘नाही’ देऊन टाकला.

नियम म्हणजे नियम, आणि तो घालणारा मीच. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून मला कोणाला नकार देता येईना. आधी तिला विचारायचं. शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी विचारलं, “रविवारी कपाटं लावायला याल ना?” मी म्हटलं, “जरा विचारून सांगतो.” “कोणाला?” “सहावीतल्या एका मुलीला.” टाचणी खाली पडली. ती मीच उचलून दिली, आणि रविवारी गेलो. ड्रिल मास्तरांचं तर फावलंच. रोज हसतमुखाने दारात, “तुमच्या तासातला थोडा वेळ घेऊ का? पोरांना दोन उड्या मारायला लावतो.” मी ओठ दाबून बसायचो आणि तास हळूहळू मैदानावर जायचा. त्याचा दोष नव्हता म्हणा. इतक्या गोड आवाजात कोणी मागितलं तर कोणालाही द्यावंसं वाटेल.

तुम्ही म्हणाल, वर्गात तरी सावलीला विचारायचं. विचारायचो ना, पण तिच्याभोवती रांग, आणि माझी पाळी येईतो ड्रिल मास्तर पोरं घेऊन गेलेला असायचा. सगळेच विचारायचे. आणि ती सगळ्यांना द्यायची. परवानगी मागितली की मान डोलवायची. स्वतःचा शब्द असा दिवसभर वाटून टाकायची आणि स्वतः एकदाही वापरायची नाही. तो शब्द तिच्या ताब्यात जाऊन काही फरक पडला नव्हता.

अशात साहेब आले. कळवून येणार होते, न कळवता आले. मोठ्या बाई मागोमाग, हातात टाचणी तशीच राहिलेली. साहेबांनी या वेळी चित्र आणलं नव्हतं. त्यांनी वर्गाची खिडकी सताड उघडली, बाहेर मैदान दिसत होतं. म्हणाले, “बघा, आणि सांगा, काय दिसतं?” मग थांबून स्वतःचं वाक्य ऐकलं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

मला वाटलं होतं, पोरं तुटून पडतील. पण तुटून पडणार कशी? एकेकाकडे एकेकच शब्द. मैदानाचं वर्णन करायचं तर याचा ‘विस्तीर्ण’ हवा, त्याचा ‘रखरखीत’ हवा, तिचा ‘एकाकी’ हवा. बाकाखालून कुजबुज सुरू झाली. “तुझा दे ना.” “आधी माझी गोट्यांची पिशवी परत कर.” “कालचा अजून तुझ्याकडेच आहे.” मला सगळं ऐकू येत होतं आणि साहेबांना काहीच नाही. त्यांना दिसत होती नुसती मुकी पोरं. पूर्वी निदान ‘मस्त’ तरी म्हणायची. आता तेही गेलं. मी वर्गाला खुणा करत होतो. माझ्याच हाताने मी पोरांची तोंडं शिवून ठेवली होती.

साहेब खिडकीपासून वळले. “ठीक आहे,” ते मोठ्या बाईंना म्हणाले. “हा तास ड्रिलकडे देऊन टाका. माझी हरकत नाही.”

मागच्या बाजूला भिंतीपाशी बाक वाजलं. सावली उभी राहिली होती.

“साहेब,” ती म्हणाली, “तो शब्द माझा आहे. विचारून घ्यायचा असतो.”

साहेबांनी चष्मा काढला. मोठ्या बाईंना काय चाललंय ते समजेना. मी नियम समजावून सांगितला. साहेब माणूस मिस्कील निघाले. म्हणाले, “बरं बाई, चुकलो. मागतो. दे तुझा ‘नाही’.”

“कशाला हवाय?”

“हा तास बंद करायचा आहे, म्हणून.”

तिने इकडेतिकडे बघितलं. वर्गातल्या प्रत्येकाने कधी ना कधी तिच्याकडून काही ना काही नेलेलं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. मला आठवतं, तिने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती.

“मग नाही,” ती म्हणाली.

साहेब वाट बघत राहिले. ती बसली नाही. पुन्हा म्हणाली, “नाही देणार.” या वेळी जरा मोठ्याने, जणू दुसऱ्यांदा सोपं जातं हे तिलाही आत्ताच कळलं होतं.

आणि मग वर्गाचा बांध फुटला. ‘भोचक’वाली उठून म्हणाली, “माझा सगळ्यांनी घ्या.” ‘लगबग’ म्हणाला, “माझापण.” कोणी खोडरबर मागेना, कोणी गोट्या मागेना. एकाचं वाक्य दुसरा पकडायचा, तिसरा त्यात आपला शब्द ओतायचा. साहेब माझ्या खिळखिळ्या खुर्चीत बसले ते उठायलाच तयार होईनात. शेवटी मोठ्या बाईंना म्हणाले, “तास राहू दे. पण बाई, आता शब्द मोकळे करा, मला घरी जाऊन बायकोशी बोलायचं आहे.”

आता कॅशियर, तुम्ही विचाराल, पोरांनी वर्णन केलं तरी काय. ऐका, माझ्या कानात अजून घुमतंय. म्हणाली, समोर विस्तीर्ण मैदान आहे, रखरखीत ऊन आहे. त्या उन्हात एकाकी पण ताठ मानेने एक पुरुष उभा आहे. तेच आपले ड्रिल मास्तर. दुरूनही नजरेत भरावेत इतके रुबाबदार, इतके रुबाबदार की...

“‘रुबाबदार’ मी वर्गात कोणालाच दिला नव्हता,” ही म्हणाली. सुई सदऱ्यात तशीच टोचून हिने मान वर केली होती. “भाषेची बाई मी होते आणि ड्रिल मास्तर तुम्ही. मैदानात मांडी घालून चेंडूत हवा भरत बसला होतात, आणि पोरांनी तुम्हाला ‘गबाळा’ म्हटलं होतं.”